आमची वाटचाल : तांब्या, पेरू आणि कागदाचे थर

घरचा धंदा लग्नपत्रिकांचा. कोल्हापुरात सासऱ्यांचा छापखाना, आणि शेजारच्या खोलीत माझे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे चित्रकला वर्ग. पत्रिका व्हॉट्सॲपवर जाऊ लागल्या तशी डायकटिंगची, म्हणजे साच्यानं कागद कापायची, मशिनं रिकामी, जाड कागदाचे ताव पडून. इकडे मुलं स्थिरचित्र काढत होती : तांब्या, दोन पेरू, मागे पडदा. तोच तांब्या कागदाच्या थरांतून कापून बघू म्हटलं.

थरांच्या कागदकामात बहुतेक डोंगर, झाडं, हरणं दिसतात. सपाट आकार एकामागे एक लावले की भागतं. भांड्याचं तसं नाही. तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं. त्याची मागची कड मागच्या थरात, पुढची पुढच्या थरात, आणि मधे आतला काळोख. पोटाचा गोलावा तर कापून येतच नाही, रंगवावा लागतो. म्हणून मशीन बाहेरची कड कापतं आणि छायाप्रकाश हातानं होतो, गौशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात. पडछाया मात्र आम्ही रंगवत नाही. थरांमधे फोम टेप असते, त्या अंतरामुळे ती खरीच पडते. रंगवलेला उजेड डावीकडून आणि खोलीतला उजवीकडून आला, तर चित्र लगेच खोटं वाटतं. त्यामुळे ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न असतो, ‘खिडकी कुठल्या बाजूला?’ गिऱ्हाईक आधी चक्रावतं.

रंगांचा धडा सतराव्या शतकातल्या, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या चित्रकार पीटर क्लासचा. त्याची न्याहारीची चित्रं करड्या-तपकिरी अशा मोजक्याच छटांत आहेत. (कागदवाल्याकडे तरी कुठे जास्त मिळतात!) छापील कागद कापला की पांढरी कड उघडी पडते, म्हणून आतपर्यंत रंगलेलाच घेतो, २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास. काचेच्या पेल्याला ट्रेसिंग पेपर. दोन-तीन थरांत तैलरंगाच्या पातळ लेपांसारखी खोली येते.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, टेप सुटते. मोठ्या चौकटी तेव्हा घेतच नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

सध्या मागणी घरातल्या जुन्या पितळी भांड्यांना. लोक फोटो पाठवतात, आम्ही भांडंच मागतो. फोटोत चकाकी कळते, गोलावा कळत नाही. आत्ता टेबलावर एक पानाचा डबा आलाय, अडकित्त्यासकट. अडकित्त्याच्या पात्यांना दोन थर पुरतील असं आमच्या ह्यांचं म्हणणं; मी तीन म्हणते.