सिव्हिकचं ऑइल आणि माझे हात: ग्रॅन टुरिस्मो ७ ची वही

ग्रॅन टुरिस्मो ७ या कार-रेसिंगच्या व्हिडिओ गेममधल्या माझ्या गाडीच्या मायलेजची ही वही. आधी त्या शब्दाचा घोळ मिटवतो. मराठीत 'मायलेज' म्हटलं की लिटरमागे किती किलोमीटर, हेच डोक्यात येतं. ही वही त्याची नाही. ही आहे रनिंगची, म्हणजे गाडी एकूण किती पळाली आणि त्यापायी तिचा पिकअप किती बसला याची. पेट्रोलच्या मायलेजवर शेवटी दोन ओळी येतील, कारण लांब शर्यतीत दोन्ही एकमेकांत गुंततात.

गाडी घेतली ती सेकंडहँड विभागातली होंडा सिव्हिक टाइप आर (ईके), १९९८ ची. १६०० सीसी, टर्बो नाही, कारखान्यातून निघतानाची ताकद १८५ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), आणि तीसुद्धा ८२०० आरपीएमला. मुद्दाम असली गाडी निवडली. ६०० पीएसच्या राक्षसात आठ-दहा पीएस कमी झाले तर कुणाच्या लक्षात येणार? हिच्यात मात्र प्रत्येक पीएस मोजून मिळालेला. ओडोमीटरवर आधीच साठ हजारांच्या वर किलोमीटर होते आणि ताकद १८५ च्या बरीच खाली दिसत होती. जीटी ऑटोमध्ये, म्हणजे गेममधल्या गॅरेजमध्ये, आधी ऑइल बदललं, थोडी ताकद परत आली. मग इंजिन ओव्हरहॉल केलं तेव्हा कुठे आकडा १८५ वर बसला. ओडोमीटर अर्थातच तिथेच राहिला, ओव्हरहॉलने तो शून्यावर येत नाही.

ट्रॅक जपानमधला सुकुबा. कारण अगदी व्यवहारी आहे. गेममध्ये रोजचं बक्षिसाचं तिकीट मिळवायला ४२.१९५ किमी गाडी चालवावी लागते, म्हणजे बरोबर मॅरेथॉनचं अंतर. सुकुबाची एक लॅप २०४५ मीटरची. एकवीस लॅप मारल्या की तिकीटही हातात आणि वहीत एक ओळही. टायर रोज तेच, सेटिंगला हात नाही, कोरडा ट्रॅक, समोर दुसरी गाडी नाही. टायर आणि पेट्रोल दर वेळी नव्याने मिळतं, त्यामुळे त्यांचा हिशोब त्या त्या संध्याकाळपुरताच. ऑइल, इंजिन आणि बॉडी यांची झीज मात्र गाडीबरोबर राहते.

पहिल्या चार संध्याकाळी सांगण्यासारखं काही नाही. ताकद जिथल्या तिथे. लॅप १:०८ वरून खाली सरकत १:०७.६ पर्यंत आली, ती निव्वळ माझा हात बसला म्हणून.

सहाव्या संध्याकाळी, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आकडा १८५ चा १८४ झाला. मग रोज एखाद-दुसरा पीएस गळू लागला. दहाव्या संध्याकाळी १७९. चौदाव्याला, सहाशे किमी झाल्यावर, १७६. म्हणजे जवळपास पाच टक्के.

आता गंमत ऐका. या सगळ्या काळात माझी लॅप १:०७.५ ला चिकटून होती. वर नाही, खाली नाही. मी काय समजलो असेन? की ऑइलचा परिणाम नगण्य आहे, आणि माझी सुधारणा थांबली आहे. तीन संध्याकाळी मी दुसऱ्या हेअरपिनवर (जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणावर) ब्रेकची जागा मागेपुढे करण्यात घालवल्या. तिसऱ्या गिअरऐवजी दुसऱ्यात बाहेर पडून पाहिलं, कर्बवर चढून पाहिलं. काही फरक नाही. स्वतःच्या हातांवरच शंका यायला लागली.

मग वहीतला दुसरा रकाना नीट पाहिला. लॅपच्या वेळेसोबत मी आणखी एक आकडा लिहीत होतो. मागच्या सरळ रस्त्याच्या टोकाला, शेवटच्या लांबलचक उजव्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवताना स्पीडोमीटर काय दाखवतो, तो. पहिल्या आठवड्यात तिथे १६८ होते. चौदाव्या संध्याकाळी १६५. लॅपची वेळ जागची हलली नव्हती आणि सरळ रस्त्यावरच्या वेगातले ताशी तीन किलोमीटर गायब! म्हणजे वळणांत मी दिवसेंदिवस वेळ कमावत होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर तो गमावत होती. घड्याळ मला दोघांची बेरीज दाखवत होतं, आणि ती शून्य येत होती.

ऑइल बदललं. फक्त ऑइल, दुसरं काही नाही. ताकद पुन्हा जवळजवळ पूर्ण. त्याच संध्याकाळी पाचव्या लॅपला १:०७.० लागली आणि टोकाला १६८. इतके दिवस साठवलेली कमाई एकदम हातात आली.

तीन किलोमीटर हा आकडा मला आधी फार लहान वाटला. पाच टक्के ताकद गेली तर वेगही पाच टक्के का नाही गेला? कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. वेगात असताना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. त्यामुळे ताकद ०.९५ पट झाली की टॉप स्पीड ०.९५ च्या घनमुळाइतका होतो, म्हणजे साधारण ०.९८३ पट. ३०० ने जाणारी गाडी २९५ ला अडते. सुकुबाचा सरळ रस्ता टॉप स्पीड गाठण्याइतका लांब नाही, पण तिथेही ठरावीक अंतरात ठरावीक ताकदीने गाठलेला वेग घनमुळाच्याच हिशोबात चालतो. १६८ ला ०.९८३ ने गुणा, १६५ येतात. वहीतला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो, खोटं कशाला सांगू.

व्यवहारात याचा अर्थ असा की स्पीडोमीटरकडे बघून तुम्हाला काळं ऑइल सहसा कळणार नाही. कळतं ते वळणातून बाहेर पडून गिअर ओढताना, आणि तेही जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं तरच.

पीपीच्या शर्यतीत मात्र हेच प्रकरण उलटं अंगावर येतं. पीपी म्हणजे गाडीच्या एकूण कुवतीला गेम देतो ते गुण, आणि अशा शर्यतीत त्यांना वरची मर्यादा असते. टोकियो एक्सप्रेसवेची ६०० पीपीची शर्यत आहे, बारा लॅप. तिच्यासाठी दुसऱ्या एका गाडीवर मी एक अख्खा रविवार घातला. पॉवर रिस्ट्रिक्टर (ताकद दाबणारा), बॅलास्ट (जादा वजन), डाउनफोर्स (हवेचा खाली दाब), सगळं खालीवर करून ५९९ च्या पुढे दशांशापर्यंत नेऊन बसवलं. मग शहाणपणा म्हणून शर्यतीआधी ऑइल बदललं, आणि गाडी ६०० च्या वर! प्रवेश नाही. गेमच्या दृष्टीने ताकद वाढली, म्हणून पीपी वाढले. मी सेटिंग केली होती ती दमलेल्या इंजिनाला धरून. तेव्हापासून क्रम पक्का केला आहे: ऑइल आधी, गरज असेल तर ओव्हरहॉल, आणि त्यानंतरच रिस्ट्रिक्टरला हात. पुढे ऑइल जुनं होत गेलं की पीपी खाली घसरतात, तेव्हा रिस्ट्रिक्टर अर्धा-एक टक्का सैल करून तूट भरून काढता येते. नवीन ऑइलची चैन नसेल तर पीपीच्या शर्यतीत एवढं पुरतं.

बीओपी, म्हणजे सगळ्या गाड्या समान पातळीवर आणणारा नियम, लावलेल्या ऑनलाइन शर्यतींत ताकद आणि वजन गेमच ठरवतो. तिथे ही वही मिटून ठेवायची.

प्रत्यक्षातल्या गाडीशी तुलना करू नका. रस्त्यावरच्या गाडीचं ऑइल हजारो किलोमीटर चालतं, आणि ते काळं दिसलं म्हणून ताकद लगेच पाच टक्के पडत नाही. खरं नुकसान होतं पिस्टन रिंग झिजून, व्हॉल्व्ह नीट न बसून, कॉम्प्रेशन गळून, आणि त्याला वर्षं लागतात. गेमने ती वर्षं काही संध्याकाळींत कोंबली आहेत. मला ते आवडतं. याआधीच्या जीटी स्पोर्ट या गेममध्ये किलोमीटरचे पॉइंट मिळायचे आणि ते खर्च करून गाडीची ताकद वाढवता यायची, म्हणजे पळवलेल्या गाडीला बक्षीस. इथे पळवलेल्या गाडीची काळजी घ्यावी लागते, आणि म्हणून ती आपली वाटते. गाडी धुणं मात्र निव्वळ हौस. मळलेली आणि धुतलेली अशा दोन्ही अवस्थांत लॅप मारून पाहिल्या, फरक सापडला नाही.

आता तो पेट्रोलचा मुद्दा. सार्थवरच्या (फ्रान्समधला ल मान्सचा ट्रॅक) ७०० पीपीच्या अर्ध्या तासाच्या शर्यतीत मी फ्युएल मॅप, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ती सेटिंग, १ वरून ३-४ वर नेऊन, म्हणजे पेट्रोल वाचवून (लीन), पेट्रोलसाठी पिटमध्ये थांबणं टाळायचा प्रयत्न करतो. लॅप १३.६ किमीची, एका शर्यतीत शंभरच्या आसपास किलोमीटर पडतात, म्हणजे दोन-तीन शर्यतींत ऑइलचा नंबर लागतोच. लीन मॅपवर ताकद आधीच कमी, त्यात काळं ऑइल. तिथल्या मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर मागची गाडी आरामात बाजूने निघून जाते आणि आपण मॅपला शिव्या घालतो.

राहिली बॉडी रिजिडिटी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा ताठपणा. ट्युनिंग शॉपमधली रिजिडिटी वाढवण्याची सोय वेगळी आणि ती एकदा केली की परत काढता येत नाही, म्हणून सिव्हिकवर ती केलेली नाही. जीटी ऑटोमधलं बॉडी पूर्ववत करण्याचं कामही मुद्दाम ठेवून दिलं आहे. साठ हजारांची सैल बॉडी घेऊन आधी शंभर लॅप, मग बॉडी ताठ करून शंभर. बावीस झाल्या आहेत. पहिल्या हेअरपिनवर मागचा भाग जरा उशिरा वळतो असं वाटतं, पण ऑइलच्या वेळी माझ्या वाटण्याची काय किंमत होती ते पाहिलं आहे, त्यामुळे या खेपेला तिसरा रकाना आखलाय: वळणाच्या मध्यावरचा सर्वांत कमी वेग. आज तो ६१ होता.