सतरंजी, पावडर आणि पर्वत

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा मला पहिली आठवली ती शिक्षा. आठवीत, स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये सतरंज्या अंथरत होतो. कुणाच्या तरी हातून कॅरमच्या पावडरीचा डबा सांडला (तो ‘कुणी’ म्हणजे मीच, आता कबूल करायला हरकत नाही) आणि घाईत आम्ही पावडरीवरच सतरंजी टाकली. ती पायाने ढकलून सरळ करायला गेलो. एरवी सतरंजी ढकलली की चुण्यांचा ढीग पायाशीच जमतो. त्या दिवशी मात्र जवळचा भाग तसाच सपाट सरकला आणि चुण्या पडल्या पार पलीकडे, पावडर संपत होती तिथे. भूगोलाच्या बाई दारात उभ्या होत्या. “सांडलीत तुम्ही, पुसायचीही तुम्हीच,” एवढंच म्हणाल्या.

पुढे भूशास्त्राच्या वर्गात स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या जुरा पर्वताचा छेद (उभा कापून आतले थर दाखवणारं चित्र) पाहिला आणि मला तो हॉलच दिसला. रेटा आल्प्सचा, पण घड्या पडल्या दूर जुरात. मधला स्वित्झर्लंडचा सखल प्रदेश बराचसा न चुरगळता राहिला. स्विस भूशास्त्रज्ञ ऑगस्ट बुक्स्टॉर्फ यांनी १९०७ मध्ये याचा उलगडा मांडला: वरचे थर खालच्या जुन्या खडकापासून सुटून सरकले, आणि सुटले ते ट्रायासिक काळातल्या (वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या) मीठ आणि अॅनहायड्राइट या जिप्समसारख्या खनिजाच्या थरांवरून.

गाडलेलं मीठ ही इथली पावडर. हातात घेतलं तर दगडच. पण खोलवर, लाखो वर्षांच्या हिशेबात, ते पाकासारखं वाहतं. थरांचं बूड खरखरीत असेल तर पुढे सरकण्याआधी थरांना पाठीमागे उंच ढीग रचावा लागतो, म्हणून पर्वत अरुंद आणि चढा होतो. बूड निसरडं असेल तर तोच रेटा दूरवर पोचतो आणि पर्वतरांग रुंद, बसकी पसरते. पाकिस्तानातलं पोटवार पठार हिमालयाच्या रेट्याखाली असंच सरकलं आहे. त्याच्या पृष्ठभागाचा सरासरी उतार एक अंशही भरत नाही. खाली सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचं, आपण सैंधव म्हणतो तेच मीठ आहे.

इराणच्या झाग्रोस पर्वतात तर ‘हॉर्मूझ’ नावाच्या जुन्या थरातलं मीठ खाली गप्प बसलेलंच नाही. मिठाची घनता पाण्याच्या सुमारे २.२ पट, वरचे गाळाचे थर दबून त्याहून जड होतात, मीठ फारसं दबत नाही. फट मिळाली की ते वर घुसतं आणि डोंगरउतारावरून हिमनदीसारखं खाली ओघळतं. उपग्रहाच्या चित्रात हे ओघळ काळपट डागांसारखे दिसतात. मला विचाराल तर पृथ्वीवर याहून विचित्र दृश्य नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पोटवारच्या दक्षिण कडेला सॉल्ट रेंज ही डोंगररांग एकदम उभी राहते, कारण मिठाखालच्या जुन्या खडकात तिथे एक पायरी आहे. दक्षिणेकडे सरकणारी थरांची चादर तिच्यावर चढली आणि मीठही वर आलं. आमच्या हॉलमध्येही एका फरशीची कड वर आली होती, आणि त्या संध्याकाळी सर्वांत मोठी चुणी नेमकी तिच्यावरच उभी राहिली होती. नूतनीकरणात ती फरशी बदलली म्हणे.