कयाकच्या मागचा पांढरा डबा

"भाऊ, हा डबा कुठून घेतला?" कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची माझी अरुंद होडी, गाडीच्या टपावरून उतरवून पाण्याला लावेपर्यंत हा प्रश्न एकदा तरी येतोच. घरी बनवला म्हटलं की लगेच पुढचा : "बाजारात इतके आइसबॉक्स मिळून राहिले, मग काहून एवढी मेहनत केली?" काठावर उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज नीट लिहितो.

उत्तर एका रोहूपासून सुरू होतं. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. रामटेककडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर, तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन गेलो होतो. सकाळी सातच्या आत सव्वादोन किलोचा रोहू लागला. मागे थर्माकोलचा डबा दोरीने बांधलेला होता, त्यात चुरा केलेला बर्फ. मासा आत ठेवला, झाकण लावलं आणि मी पुन्हा गळ टाकला. साडेदहाला उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी झालेलं आणि मासा त्या कोमट पाण्यात पडलेला. तिथून घर पन्नासेक किलोमीटर, एप्रिलचं ऊन. घरी आईने मासा परातीत घेतला, कल्ला उचलून पाहिला, मग पाठीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. "मऊ पडला रे हा. याचं काही होणार नाही." ती रागावली नाही. मासा लिंबाच्या बुडाशी पुरला. माझ्या मनातून मात्र ते जाईना. एक जीव मी पाण्याबाहेर काढला, मारला, आणि तो कुणाच्या ताटातही आला नाही. त्या दिवशी ठरवलं, मासा नीट घरी आणता येणार नसेल तर गळाला हात लावायचा नाही.

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ तर जवळपास दरवर्षीचंच. एवढ्या उन्हात मेलेला मासा तासागणिक उतरत जातो. तलावावरचे जुने ढीवर, म्हणजे परंपरेने मासेमारी करणारे लोक, मासे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवतात. ती रीत पक्की आहे. आपल्या खिडकीतला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्यावरच ते पोतं चालतं. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण मे महिन्यातल्या अगदी कोरड्या हवेतही त्याने बावीस-चोवीस अंशांच्या खाली जाता येत नाही. त्यांचा मासा तासाभरात काठावरच विकला जातो, त्यांना तेवढं पुरतं. मला तो दुपारपर्यंत शून्याजवळ ठेवायचा होता, आणि त्याला बर्फच लागतो.

आता तयार डबे. मी दोन वापरून पाहिले. पहिली अडचण मापाची. बऱ्याच कयाकमध्ये बसायच्या जागेमागे सामान ठेवायला एक खळगा असतो. माझ्या कयाकचा खळगा पुढे रुंद आणि मागे निमुळता आहे. चौकोनी डबा त्यात एक तर बसत नाही, किंवा बसेल एवढा लहान घेतला तर दीड-दोन फुटांचा मासा त्यात वाकवून कोंबावा लागतो. वाकवलेल्या माशाचं मांस फाटतं. दुसरी अडचण जाडीची. बाहेरून ऐसपैस दिसणाऱ्या डब्याच्या भिंतीत फोम किती आहे ते कुणी सांगत नाही, आणि झाकण तर बरेचदा आतून पोकळच असतं. तिसरी उंचीची. उंच डबा म्हणजे वजन वर गेलं, आणि वजन वर गेलं की कयाक डोलते.

हिशोब मांडायला बसलो तेव्हा चित्र स्वच्छ झालं. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. मला हव्या त्या मापाच्या डब्याच्या सगळ्या भिंती मिळून साधारण सव्वा चौरस मीटरच्या जरा आत भरत होत्या. भिंतीत दोन इंच चांगला पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, असेल आणि बाहेर ४२ अंश असतील, तर आठ तासांत भिंतींमधून येणारी उष्णता दोन किलोच्या आसपास बर्फ वितळवते. फोम इंचभरच असेल तर दुप्पट. शिवाय पाच किलो मासे तलावाच्या पाण्याच्या तापमानावरून शून्यावर आणायला दीडेक किलो बर्फ जातो. झाकणाच्या फटीतून आणि दर वेळी उघडताना जातो तो वेगळा. म्हणजे दोन इंचाची भिंत आणि सहा किलो बर्फ एवढी तयारी असेल तर दुपारचे दोन वाजेपर्यंत काळजी नाही. हे गणित जमलं आणि मी कामाला लागलो.

पहिला प्रयत्न वाया गेला. दुकानातून थर्माकोलच्या जाड शीट आणल्या, पॉलिस्टर रेझिन (हार्डनर घातला की घट्ट होणारं चिकट द्रव) आणलं, फायबरची म्हणजे काचतंतूंची मॅट आणली. तिन्ही गोष्टी एकाच काउंटरवरून घेतल्या, काय बनवतोय तेही सांगितलं. कुणी अडवलं नाही. गच्चीवर शीट चिकटवून खोका तयार केला आणि पहिला हात दिला. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चुरचुरायला लागला. ब्रश फिरवला तिथे थर्माकोल आत बसत गेला, उन्हात मेण बसावं तसा. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. दोन दिवसांचं काम डोळ्यांदेखत वितळलं.

मग मी हिंगणा रोडच्या बाजूला फायबरच्या कूलर बॉडी बनवणाऱ्या एका काकाजींकडे गेलो. नागपुरात कूलर म्हटलं की कुणाला आइसबॉक्स आठवत नाही, खसची टट्टी आठवते. पण या कूलरच्या धंद्यामुळेच गावात फायबरचा हात बसलेली माणसं आहेत. काकाजींनी माझा खोका हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "थर्माकोलवर हे नाही चालत बापू. रेझिन खाऊन टाकते त्याले. एपॉक्सी लाव, नाही तर फोम बदल." एपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन. ते थर्माकोलला खात नाही हे खरं, पण महाग पडतं, आणि काकाजींचा सगळा अनुभव पॉलिस्टरचा. म्हणून फोम बदलला. कोल्ड स्टोरेजचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पत्रा नसलेले पफचे दोन इंची तुकडे मिळाले. पफला पॉलिस्टर रेझिनचं काही होत नाही आणि उष्णता अडवायला तो थर्माकोलपेक्षा बराच सरस.

आधी पुठ्ठ्याचा साचा. खळग्यात पुठ्ठा ठेवून कडा खरवडत खरवडत तीन दिवस घालवले, आणि ते तीन दिवस सगळ्यात सार्थकी लागले. आतली लांबी ६२ सेंटीमीटर, रुंदी पुढे ३६ आणि मागे २८, खोली २५. पन्नासेक लिटर. तीन किलोचा रोहू आडवा, सरळ झोपतो. पफ करवतीने कापला, पीयू गमने जोडला, बाहेरच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या. आतल्या कोपऱ्यांत रेझिन आणि टाल्क पावडरची पुट्टी भरून त्यांना गोलाई दिली, कारण मॅट काटकोनात वळत नाही. तिथे हवा अडकते आणि पुढे तिथूनच पाणी फोमपर्यंत पोचतं.

तळासाठी काकाजींनी सुचवलेली युक्ती मला फार आवडली. माझी कयाक पॉलिथिनची आहे आणि पॉलिथिनला रेझिन धरत नाही. म्हणून खळग्याला ब्राउन टेप चिकटवली आणि डब्याचा तळ थेट कयाकमध्येच घडवला. वाळल्यावर ठोकून काढला तर खळग्यातली प्रत्येक रेघ त्यावर उमटलेली. खळग्याच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती बुजू नयेत म्हणून डब्याखाली बोटभर उंचीच्या दोन पट्ट्या आधीच ठेवल्या होत्या.

मॅट चौरस मीटरला ३०० ग्रॅमची, आतून दोन थर, बाहेरून दोन. हे काम मार्चअखेर करत होतो आणि तिथे उन्हाने पुन्हा धडा दिला. हार्डनर दोन टक्के टाकून अर्धा लिटर रेझिन एकदम कालवलं, मॅट कापायला वळलो, परत पाहतो तर प्लॅस्टिकच्या मगातून वाफा निघतायत आणि मगाचं बूड मऊ पडलंय. त्यानंतर पहाटे साडेपाचला काम सुरू करायचो, हार्डनर एक टक्का आणि एका वेळी दोनशे ग्रॅमच रेझिन. ब्रशने ओलं करायचं, मग रोलर. मॅट पांढरी असते. रेझिन पूर्ण भिनलं की ती काचेसारखी पारदर्शक होते आणि खालचा पिवळा पफ दिसायला लागतो. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा आहे, तिथे रोलर पुन्हा. पहाटेच्या उजेडात तो पांढरेपणा हळूहळू विरत जाताना पाहणं हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग.

जे करणार आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट अगदी ठासून सांगतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालतात ते द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलं रेझिनच विकत घ्या. काम मोकळ्या हवेत, हातमोजे, वाफांसाठीचा मास्क आणि घासताना धुळीचा मास्क. घासलेल्या फायबरची धूळ अंगाला लागली तर दोन दिवस खाज जात नाही, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ झाकणाने खाल्ला. झाकणातही पूर्ण दोन इंच पफ आहे. खालच्या बाजूला एक पायरी काढली, जी डब्याच्या तोंडात अर्धा इंच आत उतरते, आणि कडेला फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून आणलेलं रबर. बिजागरी मागच्या बाजूला, म्हणजे बसल्या जागी मागे वळलं की तोंड माझ्याकडे उघडतं. पण पूर्ण झाकण दर माशाला उघडलं तर जमवलेली थंड हवा गेली. म्हणून झाकणात बशीएवढी एक खिडकी ठेवली. मासा तोंडाकडून आत सरकवायचा आणि खिडकी बंद. मोठं झाकण घरी पोचल्यावरच उघडतं. खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचं बूच आहे, आणि तळाशी एक जाळी, म्हणजे मासा वितळलेल्या पाण्यात भिजत पडत नाही. शेवटचा हात मेण मिसळलेल्या रेझिनचा, कारण हवा लागते तो पृष्ठभाग नाही तर चिकटच राहतो. बाहेरून पांढरा जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा वरचा थर. गडद रंगाचा डबा उन्हात फार तापतो. आतला स्टायरीनचा वास जायला तीन आठवडे उघडा ठेवून कडक ऊन दिलं, गरम पाणी आणि साबणाने चार-पाचदा धुतला. तोवर त्यात काही ठेवलं नाही. आजही बर्फ आणि मासा जाड पिशवीत घालूनच ठेवतो.

रिकामा डबा साडेसात किलो भरला. भिंतीत एवढा पफ आहे की कयाक उलटली तरी तो बुडणार नाही. उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून पाहिलं. डबा त्याला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना धरून तरंगत राहिला, आत पेलाभर पाणी शिरलं होतं.

पहिल्यांदा नेला तो मे महिन्याचा दुसरा आठवडा. सहा किलो लादीचा बर्फ फोडून घेतला होता. दोन रोहू आणि एक मरळ. घरी पोचायला पावणेदोन झाले. बूच काढलं तेव्हा पाणी इतकं गार होतं की बोट धरवेना, आणि आत निम्म्याच्या जवळपास बर्फ शिल्लक होता. आईने मोठा रोहू परातीत घेतला, कल्ला उचलला. आतून लालभडक. पाठीवर अंगठा दाबून सोडला, खळगा लगेच भरून आला. तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "विळी आण."

पैसे वाचतील म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये. वाया गेलेला पहिला खोका धरला तर माझा खर्च एका चांगल्या तयार डब्याएवढा झाला. वर महिनाभराच्या पहाटा गेल्या. तुम्ही तलावापासून अर्ध्या तासाच्या आत राहत असाल, किंवा फक्त हिवाळ्यात गळ टाकत असाल, तर तयार डबा पुरे आहे. झाकणात फोम आहे की नाही तेवढं दुकानातच ठोकून पाहा. मासा पुन्हा पाण्यात सोडणार असाल तर डब्याची गरजच नाही. पण उन्हाळ्यात लांब जाऊन खाण्यापुरता मासा आणणार असाल, तर भिंतीच्या जाडीत आणि माशाच्या लांबीत तडजोड करू नका.

काही जण माप मागतात. वर दिलंय, पण ते माझ्या कयाकचं आहे. पुठ्ठ्याचा साचा माळ्यावर जपून ठेवलाय, पाहायला खुशाल या. तुमचा खळगा मात्र तुम्हालाच पुठ्ठा घेऊन मोजावा लागेल, आणि त्याआधी तुम्हाला लागणारा सगळ्यात मोठा मासा किती लांब असतो ते आठवून घ्या. माझ्या डब्याचं बूच अजून थोडं झिरपतं, ते या पावसाळ्यात बदलायचंय.