रोज किती चालायचं?

इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या पाच गावांच्या, डोंगरांतून आम्ही दोघी बहिणी चार दिवस चालून आलो, हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोज किती किलोमीटर? मी खरं ते सांगते. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी साताच्या आसपास, शेवटच्या दिवशी तेरा. समोरचा ‘चार’पाशी अडतो. चार तर आम्ही सकाळी दुधाची पिशवी आणायला जातो, असा चेहरा होतो.

तुम्हीही तिकडे चालायचा बेत करत असाल, म्हणून सांगते. आमचा मूळ बेत चार दिवसांचा नव्हताच. पाच गावांच्या अलीकडचं लेवांतो ते पलीकडचं पोर्तोवेनेरे, मधल्या मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे या गावागावांतून गेलं तर जेमतेम पस्तीस किलोमीटर. मी घरी बसून कागदावर दोनाने भागलं. पहिला मुक्काम कोर्निल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर्तोवेनेरे, उरलेले दोन दिवस फ्लॉरेन्स. ताईने एवढंच विचारलं, “मध्ये डोंगर आहेत ना गं?” मी म्हटलं, आहेत, पण छोटे आहेत.

छोटे आहेत हे खरंच. चूक वेगळीच होती. या किनाऱ्यावरची बहुतेक गावं ओढ्याच्या मुखाशी, पाण्याला टेकून वसली आहेत आणि दोन गावांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड थेट समुद्रात उतरते. म्हणजे गाव सोडलं की चढ आणि पुढचं गाव दिसलं की उतार. माथा गाठला, आता सपाटीवर रमतगमत जाऊ, असं फारसं होत नाही. लेवांतोहून निघालात की सुमारे 300 मीटर चढून पुंता मेस्कोचा डोंगर ओलांडायचा, मोंतेरोस्सोत समुद्राला पाय लावायचे आणि पुन्हा पायऱ्या धरायच्या. कमावलेली उंची रोज समुद्रात सोडून द्यायची.

मानारोला ते रिओमाज्जोरे हा टप्पा नमुन्यादाखल घ्या. खालून समुद्राला लागून विया देल्लामोरे नावाची सपाट वाट आहे, किलोमीटरभराची. सप्टेंबर 2012 मध्ये तिथे दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि ती बंद पडली, ती 2024 मध्ये पुन्हा उघडली. आता तिला वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ लागते. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून आम्ही वरची बेक्कारा वाट धरली. अंतर दीड किलोमीटर, चढ जवळपास अडीचशे मीटर, आणि तो जवळजवळ सगळा दगडी पायऱ्यांचा. पायऱ्याही एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब मांडला होता, तो अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने इथे पाऊण तास होतो. आम्हाला तास-सव्वातास लागला, कारण नेस्मिथसाहेबांनी उतार धरलेला नाही. पन्नाशीनंतर गुडघे उतारच धरतात.

तर पहिला दिवस. मोंतेरोस्सोपर्यंत आम्ही मजेत. पुढे वेर्नात्साच्या उतारावर ताईचे पाय थरथरायला लागले. गाव खाली दिसत होतं, बंदर, बुरूज, रंगीत घरं, सगळं अगदी चित्रातल्यासारखं. आणि ही बाई एकेक पायरी आडवी होऊन, हाताने भिंत धरून उतरत होती. कोर्निल्याची खोली आधीच घेतलेली. म्हटलं, आता आगगाडी. या किनाऱ्याची ही मोठी सोय आहे. पाचही गावांना स्टेशन आहे, आणि दोन तासांच्या पायपिटीचं अंतर गाडी बोगद्यातून चार-पाच मिनिटांत कापते. चिडायलाच होतं. पाच मिनिटांनी आम्ही कोर्निल्याला उतरलो, हुश्श केलं आणि मान वर केली. पाचांतलं हे एकटंच गाव पाण्याला टेकलेलं नाही, ते समुद्रापासून शंभरेक मीटर वर कड्यावर बसलंय. स्टेशन खाली. गावात नेणारी छोटी बस नुकतीच गेलेली. उरला लार्दारीना नावाचा जिना, 382 पायऱ्यांचा. ताई एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला लहानपणापासून माहीत आहे.

फ्लॉरेन्स तिथेच रद्द झालं. दुसऱ्या दिवशी उशिरा उठून गाडीने परत वेर्नात्साला गेलो आणि सुटलेला तुकडा तेवढा चाललो. तेच ते चार किलोमीटर. आणि त्या चार किलोमीटरांत आम्हाला जे दिसलं, ते अकरात दिसलं नव्हतं.

या डोंगरांना उतार असा राहिलेलाच नाही, सगळ्याच्या पायऱ्या केल्यात. द्राक्षं, ऑलिव्ह. प्रत्येक पायरीला दगडाचा बांध, चुना-सिमेंट काही नाही. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर गडगा. एका वळणावर एक म्हातारबुवा पडलेला बांध पुन्हा रचत होते. दगड उचलायचा, हातात फिरवायचा, बसवून बघायचा, नाही पटला की मागे टाकायचा. एक बसला की फटीत दोन चिपा ठोकायच्या. आम्ही पाऊणएक तास बसून पाहिलं, तेवढ्यात सात-आठ दगड झाले असतील. शेजारून शिडीसारखा एकच रूळ वर गेलेला, द्राक्षांच्या पेट्या त्यावरून इंजिनाने ओढतात.

हे पाल्हाळ वाटेल, पण तुमच्या बेताचा याच्याशी थेट संबंध आहे. अशा बांधाच्या फटींतून पाणी झिरपून जातं, मागे तुंबत नाही. विसाव्या शतकात लोक शेती सोडून जवळच्या ला स्पेत्सिया शहरातल्या कारखान्यांत आणि पुढे पर्यटनात गेले, बांध पडले की उभे करणारं कोणी राहिलं नाही, आणि मोठ्या पावसात माती सुटायला लागली. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेर्नात्साचा मुख्य रस्ता पहिल्या मजल्यापर्यंत चिखल-दगडांत गाडला गेला. म्हणून हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा निघाला की वाटा बंद होतात, तुमचं बुकिंग असो नसो. आदल्या रात्री राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर कुठली वाट चालू आहे ते बघा. खालची बंद असली तर बरेचदा वरून, डोंगरावरच्या देवळांना जोडत जाणारी वाट सापडते. पण मग चढ दुप्पट धरा. कोर्निल्याहून मानारोलाला आम्ही वरून, डोंगरातल्या वोलास्त्रा गावावरूनच गेलो, कारण खालची वाट बंद होती. सगळ्या प्रवासात सुंदर तुकडा तोच निघाला, द्राक्षांच्या वेलींमधून, खाली सरळ समुद्र.

बाकीचं थोडक्यात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टला उन्हाने आणि गर्दीने जीव जातो. मोंतेरोस्सो ते कोर्निल्या या वाटेला पास लागतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला चालत नाहीत, दंड 50 युरोपासून सुरू होतो. तंबूचा विचार सोडा, उद्यानात परवानगी नाही. पाणी गावात भरून घ्या, मध्ये मिळेल असं धरू नका. शाकाहारी असाल तर फारिनाता शोधा, डाळीच्या पिठाची भट्टीतली जाड पोळी. ताईने त्याला पहिल्याच घासाला धिरडं ठरवलं आणि रोज तेच खाल्लं.

आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवा. रिओमाज्जोरेहून मोंतेनेरोचं देऊळ, मग पाचशे मीटरवरची खिंड, मग कांपिल्या, मग पोर्तोवेनेरेचा तीव्र उतार: पाच तास म्हणतात, आम्हाला सात लागले. मध्ये रेल्वे नाही, पोर्तोवेनेरेलाही स्टेशन नाही. परत जायला होडी, पण समुद्र खवळला की ती सुटत नाही. आम्ही उतरलो तेव्हा लाटा थेट सान पिएत्रोच्या चर्चखालच्या खडकांवर फुटत होत्या आणि तिकीटखिडकी बंद होती. ला स्पेत्सियाची बस तासाभराने होती. ताईने बूट काढले, धक्क्यावर पाय पसरले आणि विचारलं, “स्टँडपर्यंत चढ आहे का?”