खाटकाचा मुलगा आणि योन्से

योन्से विद्यापीठ म्हटलं की सोलमधली निळी जाकिटं आणि प्रवेशाची जीवघेणी स्पर्धा आठवते. आजची नोंद मात्र एका खाटकाच्या मुलापासून सुरू करायला हवी.

कोरियात डिसेंबर 1884 च्या दरबारी बंडात राणीचा नातलग मिन योंग-इक तलवारीच्या वारांनी मरणाच्या दारात पोचला होता. अमेरिकन मिशनरी डॉक्टर होरेस ॲलन यांनी त्याला वाचवलं. त्यातूनच राजा गोजोंगची परवानगी मिळाली आणि 10 एप्रिल 1885 ला ग्वांगह्येवॉन हे इस्पितळ उघडलं. लवकरच त्याचं नाव चेजुंगवॉन झालं. योन्से आपला जन्म इथून मोजतं. याच वारशावर सोल नॅशनल विद्यापीठाचं रुग्णालयही हक्क सांगतं, आणि हा वाद मिटलेला नाही.

1893 मध्ये पाक सोंग-चुन हा खाटीक आजारी पडला. बेकजोंग म्हणून ओळखला जाणारा त्याचा समाज वस्तीबाहेर राहायचा, त्यांना घोड्याच्या केसांची टोपी घालायचीही मुभा नव्हती. आपल्याकडच्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्याच्यावर उपचार केले ऑलिव्हर एव्हिसन यांनी, जे राजाचेही डॉक्टर होते. 1904 मध्ये लुई सेव्हरन्स या अमेरिकन तेल-उद्योजकाच्या देणगीतून चेजुंगवॉनचं नवं रुग्णालय, सेव्हरन्स, उभं राहिलं, आणि 1908 मध्ये तिथून पहिले सात कोरियन डॉक्टर बाहेर पडले. त्यातला एक पाक सो-यांग, त्याच खाटकाचा मुलगा. योन्सेच्या साऱ्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

दुसरा धागा होरेस अंडरवुड यांचा. त्यांना आधी मिशनरी म्हणून भारतात यायचं होतं, गेले कोरियाला. 1915 मध्ये त्यांनी कॉलेज सुरू केलं, तेच पुढे योनहुई. सोलमधल्या सिंचोन भागात, जिथे आजचा मुख्य परिसर आहे, जमिनीसाठी पैसा दिला टाइपरायटरवाल्या त्यांच्या भावानं. योनहुई आणि सेव्हरन्स 1957 मध्ये एक झाले, तेच योन्से. वेलींनी झाकलेल्या दगडी इमारतींपैकी स्टिमसन हॉल 1920 चा, अंडरवुड हॉल 1924 चा. पिन्सन हॉलच्या वसतिगृहात कवी युन दोंग-जू राहायचा. जपानी राजवटीत कोरियनमध्ये लिहिणारा हा मुलगा फेब्रुवारी 1945 मध्ये फुकुओकाच्या तुरुंगात वारला. मुख्य फाटकापाशी 9 जून 1987 ला लष्करी राजवटीविरुद्धच्या निदर्शनात ई हान-योल या विद्यार्थ्याला अश्रुधुराचं नळकांडं लागलं, 5 जुलैला तो गेला. मधल्या काळात लष्करी राजवटीला थेट अध्यक्षीय निवडणूक मान्य करावी लागली होती.

आता रोजच्या व्यवहाराकडे. विषयनोंदणीला इथे माइलेजची बोली चालते, म्हणजे हवा तो विषय मिळवायला विद्यार्थी माइलेज नावाचे गुण लावतो. 18 क्रेडिटच्या मर्यादेला 72 गुण मिळतात, एका विषयावर जास्तीत जास्त 36 लावता येतात. म्हणजे दोन आवडत्या विषयांवर पूर्ण बोली लावली की बाकीच्यांसाठी शून्य! नवखे इथेच फसतात. शिवाय लोकप्रिय विषयात अनेकांचे 36 असतात. मग बरोबरी सोडवायला मुख्य शाखा, पदवीचं शेवटचं सत्र असे निकष लागतात, आणि त्यात खालच्या वर्गातला मागे पडतो. म्हणून गेल्या सत्रांत कितीवर विषय मिळाला ते बघून, तेवढ्याहून थोडंच वर लावावं. चॅपलची, म्हणजे विद्यापीठातल्या ख्रिस्ती प्रार्थनासभेची, हजेरी धर्म कोणताही असो, चार सत्रं भरावीच लागते. अनुपस्थिती वाढली तर ते सत्र पुन्हा.

बहुतेकांचं पहिलं वर्ष सिंचोनमध्ये नसतं, ते इंचनच्या सोंगदो परिसरात वसतिगृहात जातं. संध्याकाळच्या क्लबसाठी सिंचोन गाठायचं तर परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवावी. सप्टेंबरात कोरिया विद्यापीठाशी दोन दिवसांचे सामने असतात: बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, रग्बी, फुटबॉल. योन्सेचा गरुड निळा, त्यांचा वाघ किरमिजी, तेव्हा त्या दिवशी लाल शर्ट घालून योन्सेच्या गॅलरीत बसू नये. घोषणा आणि गाण्यांच्या हालचाली ठरलेल्या असतात. मे महिन्यातल्या आकाराका उत्सवातच त्या शिकून घ्याव्यात, सामन्यात शिकायला कुणी थांबत नाही.