आज टीचर नाहीत

इकडे बदली शिक्षिकेला सगळे ‘सब’ म्हणतात. न्यू जर्सीत सब व्हायला बी.एड. लागत नाही. कॉलेजचे ६० क्रेडिट (साधारण दोन वर्षांचा अभ्यास), बोटांचे ठसे आणि पोलिसी तपासणी झाली की काम सुरू. माझं सांगलीचं बी.कॉम. त्यात सहज बसलं. एच-फोर व्हिसावर नवऱ्यामागे आलेल्या बायकांपैकी काहींना २०१५ पासून नोकरीची परवानगी मिळू लागली. ती माझ्या हातात पडली तेव्हा मी हेच धरलं, कारण वेळ लेकीच्या शाळेचीच होती.

पहाटे फोनवर अॅप वाजतं आणि कुठल्या शाळेत कोण रजेवर आहे ते दिसतं. पाचवीचं गणित दोन मिनिटांत कुणीतरी उचलतं. स्पेशल एज्युकेशनचा वर्ग मात्र बराच वेळ तसाच पडून असतो. मी आता बहुतेक तोच घेते. हौस म्हणा, नाहीतर गर्दी नको म्हणून म्हणा.

वर्गात मुलं सात-आठ आणि मोठी माणसं चार. कुणाला ऑटिझम, कुणाला डाउन सिंड्रोम. कुणी बोलत नाही, पण टॅबलेटवरची चित्रं दाबून त्याच्याकडून बोलून घेतं. प्रत्येकाची भिंतीवर चित्रांची पट्टी असते: सकाळचं गाणं, गणित, डबा, स्पीच, बस. झालेलं चित्र मुलाने स्वतः काढून खालच्या पाकिटात टाकायचं. वरती टीचरचा फोटो. टीचर आल्या नाहीत की पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, तो फोटो काढून तिथे नुसती माणसाची बाह्यरेषा असलेलं कार्ड लावते. ते कार्ड म्हणजे मी.

एका मुलाला, त्याला मी डायनासोरवाला म्हणेन, ते कार्ड मुळीच पटत नाही. आरडाओरडा नाही, रडणं नाही. तो शांतपणे उठतो, कार्ड उपटतो, कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि जागेवर येऊन बसतो. पॅरा ते उचलते, पुसते, पुन्हा लावते. तासाभराने परत तेच. तिच्या चेहऱ्यावर वैताग नाही की कौतुकही नाही. मला त्याचं म्हणणं रास्त वाटतं. ज्याचा सगळा दिवस ठरलेल्या क्रमाच्या आधारावर उभा आहे, त्याच्या वर्गात सकाळी अनोळखी बाई येऊन उभी राहते, हीच मुळात अडचण आहे.

म्हणून असल्या वर्गात सबने फार शिकवायला जाऊ नये, असं माझं मत झालंय. वर्ग चालवतात त्या पॅरा. कुणाला हेडफोन कधी लागतात, कोण दार उघडं दिसलं की पळतो, कुणाला ‘आधी हे, मग ते’ असं दोन चित्रांत दाखवलं की उठतो, हे त्यांना पाठ असतं. माझ्या हातात एक पान: कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी, कुणाला बाथरूममध्ये मदत. मुलाची पूर्ण फाइल मला दिसत नाही, लागेल तेवढंच सांगतात. महिन्यातून एकदा फायर ड्रिल असतं, ते माझ्याच दिवशी आलं तर भोंग्याच्या आधी हेडफोन चढवायचे हेही पॅराच सांगते. पगार मात्र तिचा असा की कित्येकजणी संध्याकाळी दुकानात दुसरी नोकरी करतात. सगळ्या गोष्टीत मला चीड येते ती याचीच.

बाकी व्यवस्था कायद्याच्या जोरावर उभी आहे, दयेवर नाही. १९७० साली अमेरिकेतल्या शाळा अपंग मुलांपैकी पाचातल्या एकालाच शिकवत होत्या; काही राज्यांत तर त्यांना दाराबाहेर ठेवायचेच कायदे होते. पेनसिल्व्हेनियातल्या आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्या पालकांनी कोर्टात भांडण केलं, आणि १९७५ मध्ये देशभराचा कायदा झाला. आज ३ ते २१ वर्षांपर्यंतच्या पात्र मुलाला सरकारी शाळेने त्याच्या गरजेप्रमाणे फुकट शिकवावंच लागतं. २०२२-२३ मध्ये सुमारे ७५ लाख मुलं, म्हणजे सरकारी शाळांतली साधारण १५ टक्के, यात होती. प्रत्येकाचा वेगळा लेखी आराखडा असतो, त्याला आयईपी म्हणतात, आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत आई-वडील पाहुणे नसतात, सभासद असतात. त्यांच्या सहीशिवाय पहिल्यांदा काही सुरूच होत नाही.

आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ऑटिझम त्यात आला. पण सांगलीत माझ्या मावसभावाच्या मुलाला शाळेत घेण्यासाठी वहिनी हेडमास्तरांपुढे हात जोडून उभी राहायची. इकडची आई फाइल घेऊन बसते.

अर्थात आपल्या माणसांना इथेही ते जमेलच असं नाही. ओक ट्री रोड या इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, वाणसामानाच्या दुकानात एका बाईंनी मला ओळखलं. “तुम्ही शाळेत असता ना? आमचा कसा आहे हो?” मुलाबद्दल मला एक अक्षर बोलायची परवानगी नाही, टीचरनाच विचारा म्हणावं लागतं. त्या कोथिंबीर निवडत उभ्याच राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, सासरी अजून सांगितलेलं नाही, ‘लाजाळू आहे’ म्हणून चालवलंय. धाकट्याचंही तसंच वाटतंय, पण शाळेत फोन केला तर ‘बघू’ म्हणतात. आणि घरात मराठी बंद करा असं कुणीतरी सांगितलंय.

मराठी बंद करायची गरज नाही, दोन भाषांनी अशा मुलांचं नुकसान होतं असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, एवढं मी सांगितलं. आणि हेही सांगितलं, तुमच्या ओळखीत इकडे कुणी असेल तर त्यांनाही सांगा: फोन करू नका, लिहून द्या. ‘माझ्या मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी करा’ असं एक वाक्य पुरतं. न्यू जर्सीत लेखी अर्ज पोचल्यापासून २० दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या सोडून पण उन्हाळ्याची सुट्टी धरून, शाळेला बैठक घ्यावी लागते. दुभाषा हवा असेल तर तोही मागा, खर्च शाळेचा. ईमेलच पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते.