नवीन टाकी अपडेट: पिस्टल सापडला!

मंडळी, पिस्टल जिवंत आहे! माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बदलताना हा पिस्टल श्रिंप (नांगी आपटून टक टक आवाज करणारी छोटी कोळंबी) हरवला होता. मागच्या अपडेटला ज्यांनी "गेला असेल, सोडून दे आता" म्हटलं होतं त्यांच्यासाठी आधी हेच सांगून टाकतो. बाकी सविस्तर लिहितो, कारण जुना रॉक (टाकीतले दगड) हलवताना ही भानगड कुणाच्याही वाट्याला येऊ शकते.

आधी शिफ्टिंगचं पटकन. टाकी ४ बाय २ बाय २ फूट, काठोकाठ धरली तर ४५० लिटर, भिंतीलगत बीमच्या वर बसवलीय. पाणी आदल्या दिवशीच मिक्स करून पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि हीटर लावून ठेवलेलं, २६ डिग्री, खारटपणा ३५ पीपीटी. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या सोल्युशनवरच कॅलिब्रेट करा, नुसतं आरओच्या पाण्यावर शून्य लावून भागत नाही. आणि त्या काट्याच्या हायड्रोमीटरवर माझा काडीचा विश्वास नाही, काट्याला एक बुडबुडा चिकटला की रीडिंग गंडलंच.

रॉक सगळा तोच, ड्राय रॉक आणून जुन्या टाकीत पिकवलेला (म्हणजे त्यावर बॅक्टेरिया बसू दिलेला), आता छान जांभळा झालाय. (नवीन लोक विचारतात म्हणून परत एकदा: समुद्रातून काढलेला रॉक, म्हणजे प्रवाळाचे दगड, घ्यायचाच नाही. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत. जो दुकानदार हळूच "ओरिजिनल है" म्हणून दाखवतो त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नका.) जुनी सॅण्ड नाही आणली, खालचा काळा थर ढवळला गेला की हायड्रोजन सल्फाइड आणि सगळी घाण पाण्यात येते. नवीन टाकीत आधी रॉक थेट काचेवर बसवला आणि मग भोवती सॅण्ड टाकली, कारण पिस्टल खोदणार हे ठरलेलं, सॅण्डवर रॉक ठेवला असता तर एक दिवस सगळा डोलारा कोसळला असता.

मासे सगळ्यात शेवटी, रॉक बाहेर काढून पाणी चार बोटं उरल्यावर. क्लाऊनची जोडी तर स्वतःहून जाळीत आली. रॉयल ग्रामा मात्र एका रॉकच्या भोकात अडकून बसलेला, तो रॉक बादलीवर तिरका धरला, पाणी निथळलं आणि पठ्ठ्या सुळकन खाली! एवढं मस्त वाटलं ना. येलो वॉचमन गोबीसुद्धा मिळाला. फक्त त्याचा पिस्टल नाही.

आता खरी गोष्ट. गोबी-पिस्टलची जोडी म्हणजे काय हे ज्यांनी पाळलीय त्यांना माहितीय. पिस्टलची नजर अधू, तो दिवसभर बीळ उपसत राहतो आणि एक मिशी कायम गोबीच्या अंगावर ठेवतो, धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. नवीन टाकीत गोबी एकटाच उघड्यावर, ओव्हरफ्लोखाली (जिथून पाणी टाकीबाहेर जातं) कोपऱ्यात बसलेला, श्वास जोरात, मायसिस (खाऊ म्हणून टाकलेली बारीक कोळंबी) समोरून वाहून जातोय तरी तोंड उघडत नाही. पाहवत नव्हतं.

रॉकच्या बादल्यांमधून टक टक ऐकू येत होतं हे मागे लिहिलंच होतं. पण प्लॅस्टिकच्या बादलीत आवाज असा घुमतो की कुठल्या दगडातून येतोय कळत नाही, आणि टकटक मासे मारणाऱ्या मँटिस श्रिंपचीही असू शकते म्हणून रॉक डोळे मिटून टाकीत टाकायचीही भीती. मग रॉक दोन बादल्यांत वाटले, ऐकलं, ज्यात आवाज त्यातले परत दोन बादल्यांत, असं करत एका दगडापर्यंत पोचायचं असा प्लॅन होता. अर्धवट झालं आणि आवाजच बंद. बादलीत अमोनिया चढायला लागला, स्पंज वगैरे मरत असणार, त्यामुळे जास्त थांबता येईना, सगळा रॉक टाकीत गेला. रात्री लाल टॉर्च लावून बसलो, कोळंबीचा तुकडा बिळाच्या जागी ठेवून पाहिला, काही नाही.

आणि मग काल रात्री स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) कप साफ करायला खालचं कॅबिनेट उघडलं आणि संपमधून (टाकीखालची फिल्टरची टाकी) टक! परत टक! रबल (रॉकचे बारीक तुकडे) सगळं रिफ्युजियममध्ये, म्हणजे संपच्याच एका कप्प्यात टाकलेलं, साहेब त्या रबलमधून थेट संपमध्ये पोचले होते. जीव भांड्यात पडला.

काढायचं कसं? जाळीने रबल उपसलं तर नांगीच तुटायची. पाऊण इंची पीव्हीसीचा वीतभर तुकडा रबलमध्ये आडवा खुपसला, आत एक मायसिस, आणि लाईट बंद. सकाळी पाहतो तर पाइपच्या तोंडाशी त्याने दोन खडे आणून रचलेले! दोन्ही तोंडं बोटांनी बंद केली, पाइप पाण्याखालीच एका डब्यात घेतला आणि तसाच वर टाकीत नेऊन गोबीच्या कोपऱ्यात सॅण्डमध्ये अर्धा गाडला. टाकी आणि संपचं पाणी एकच, त्यामुळे नव्या पाण्याची सवय लावायची, म्हणजे अ‍ॅक्लिमेशनची भानगड नाही. गोबी आधी लांबून बघत राहिला, मग हळूच पाइपच्या तोंडाशी येऊन बसला, आणि आतून ती पट्ट्यापट्ट्यांची मिशी बाहेर आली आणि त्याच्या शेपटीवर टेकली. दुपारी गोबीने मायसिस खाल्ला.

आता एक अडचण आहेच. नवीन सॅण्ड एकसारखी बारीक आहे, पिस्टल उपसतोय आणि बीळ ढासळतंय. त्यांना बारीक-मोठं मिसळून लागतं, छत धरायला खडे हवेत. म्हणून संपमधलं रबल तिथेच ठेवायचा प्लॅन रद्द, निम्मं वर आणून त्या कोपऱ्यात पसरतोय. हे लिहिता लिहिताच सुचलं की मग डावीकडचा वेव्हमेकरही (पाण्यात प्रवाह करणारा पंप) वर सरकवायला हवा, नाहीतर सॅण्ड उडून बीळ परत बुजेल. सिक्सलाइन रॅसची ऑर्डरही कॅन्सल करतोय, तो मोठा झाला की दादागिरी करतो आणि छोट्या श्रिंपच्या मागे लागतो. त्याऐवजी फायरफिश बघतो. आणि क्लाऊन कुठून घ्यायचे विचारणाऱ्यांनो, समुद्रातले पकडलेले घेऊ नका, आता आपल्याकडेही हॅचरीत पैदास होते, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. असे मासे पेलेट्सपण लवकर खातात.

बाकी आकडे: अमोनिया सुरुवातीला ०.२५ दाखवत होता, आता शून्य. बाटलीतले बॅक्टेरिया घातले नाहीत, पिकलेला रॉक असताना गरजही नव्हती. स्किमर नवीन असल्यामुळे अजून उतू जातोय, कप जरा वर करून ठेवलाय. कुणाकडे १ ते २ सेंटिमीटरचं जास्तीचं रबल पडून असेल, पुण्यात कुठेही, तर सांगा, येऊन घेऊन जातो.